पर्शियन आणावं की सयामी? मांजर पाळणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी शिरोली एमआयडीसीत नोकरीला, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. आई दिवसभर घरी असते, पण तिचे गुडघे दुखतात. एसी एकाच खोलीत आहे. मुलीला पर्शियन हवंय, मला सयामी आवडतं. पहिल्यांदाच मांजर पाळतोय. कोणतं घ्यावं?

उत्तर : तुमच्या घरासाठी आम्ही सयामी सुचवू. त्याचं मुख्य कारण म्हणजे तुमच्या आई दिवसभर घरी असतात.

सयामी मांजराला सोबत लागते. ते माणसाच्या मागेमागे फिरतं, ओट्यावर चढून काय चाललंय ते बघतं, हाक मारली की ओ देतं आणि नाही मारली तरी बोलत राहतं. त्याचा आवाज मोठा आणि खरखरीत असतो. आठ-नऊ तास कुलूपबंद घरात एकटं पडलं, की ते स्वेटर, शाली, ब्लँकेट चघळायला लागतं. ही खोड या जातीत मुळातच जास्त आहे आणि एकटेपणात ती वाढते. गिळलेली लोकर आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय सुटका नसते. तुमच्याकडे घरात कायम माणूस आहे, म्हणजे त्याची सर्वांत मोठी गरज आपसूक भागते. आईंच्या गुडघ्यांचीही काळजी नको. सयामीची लव आखूड आणि अंगाला चिकटून असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा रबरी हातमोजा फिरवला तरी पुरतं. खेळवायचं काम मुलीकडे द्या. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून पळवायचं. खेळ झाला की लगेच खायला द्यायचं. मग ते अंग चाटतं आणि झोपतं, रात्री दोन वाजता घर डोक्यावर घेत नाही.

पर्शियनचा स्वभाव शांत. ते एका जागी बसून राहतं, फार ओरडत नाही, दुपारभर एकटं राहिलं तरी त्याला चालतं. पण त्याचं शरीर माणसाच्या हातावर अवलंबून आहे. लांब, मऊ आणि खाली दाट लोकर असलेले केस ते स्वतः चाटून साफ ठेवू शकत नाही. रोज १० ते १५ मिनिटं विंचरावं लागतं. चार दिवस चुकले की कानामागे, काखेत, पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गुंते होतात. गुंता घट्ट झाला की चालताना खालची कातडी ओढली जाते, दुखते, ओल धरून चिघळते. आणि दुखतं म्हणून ते पुढच्या वेळी विंचरू देत नाही. नव्वद टक्के घरांत पर्शियनचे हाल इथूनच सुरू होतात असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडून द्या, पण दवाखान्यात भूल देऊन सगळे केस उतरवायची वेळ येते ती याच वाटेनं.

दुसरी गोष्ट चेहरा. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रू वाहून नेणारी नळी वाकडी होते. डोळ्यांतून पाणी नाकाकडे न जाता गालावर ओघळतं आणि तपकिरी डाग पडतात. रोज दोनदा, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेनं पुसायचं. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. अरुंद नाकपुड्यांमुळे श्वासही अडखळतो आणि उन्हाळा बाधतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ३७-३८ अंशांवर जातो. तिसरा मजला वरचाच असेल तर स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो, त्यात वीज गेली की एसीचा उपयोग शून्य. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो ते नेहमीचं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती तातडीची वेळ समजा. पंजे, पोट आणि कान साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते.

मुलीचं मन पर्शियनवरच असेल तर नाही म्हणू नका, पण विंचरायचं कोण हे मांजर आणण्याआधी ठरवा. दहावीच्या वर्षात तिला रोज पंधरा मिनिटं मिळतील का, हा प्रश्न तिलाच विचारा. मिळत नसतील तर ते काम तुमच्या दोघांपैकी एकाचं. पिल्लू घेताना ज्याला विक्रेते ‘डॉल फेस’ म्हणतात तसं, नाक ठळक दिसणारं घ्या. ‘पंच फेस’ आणि त्याहून चपटं ‘एक्स्ट्रीम पंच’ महाग मिळतं, आणि पुढे त्याच चपटेपणाची किंमत डोळ्यांत, दातांत, श्वासात मोजावी लागते. आमच्या मते पहिल्यांदा पाळणाऱ्याने ते घेऊच नये. पिल्लू झोपलेलं असताना जवळ जाऊन ऐका. घोरण्याचा आवाज येत असेल, नाकपुड्या चिरेसारख्या बारीक असतील तर परत फिरा.

पर्शियन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, डॉक्टर त्याला पीकेडी म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तपासण्या सुरू झाल्या तेव्हा तीनातल्या एकाहून अधिक पर्शियन मांजरांत तो सापडला होता. आई-बापांपैकी एकात तो असला तरी पिल्लाला येण्याची शक्यता निम्मी. गाठी जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात आणि लक्षणं बहुधा सहा-सात वर्षांनी दिसतात : पाणी जास्त पिणं, वजन उतरणं, खाणं सुटणं. तोवर इलाज हातात फारसा उरत नाही. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए तपासणी होते, वयाची अट नाही. दहा महिन्यांपुढे सोनोग्राफीतही गाठी दिसतात. पिल्लाच्या आई-बापांचा असा अहवाल दाखवा म्हणा. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे उत्तर म्हणजे अहवाल नव्हे.

सयामीतही खोट असू शकते. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आणि दमा या जातीत आढळतो. पहिल्याची डीएनए तपासणी होते. दम्याच्या मांजराजवळ उदबत्ती, धूप, डास पळवणारी कॉइल चालत नाही. तुमच्या घरी रोज देवासमोर उदबत्ती लागत असेल तर खिडकी उघडी ठेवा, आणि मांजर मान लांब करून, जमिनीला टेकून खोकताना दिसलं तर केस अडकलेत असं समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवा, निदान लवकर होतं.

तिसरा मजला म्हणून एक काम पिल्लू येण्याआधी उरकून घ्या. गॅलरी आणि खिडक्यांना तारेची जाळी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी सयामी चघळून तोडतं. सरकत्या काचेच्या खिडकीला कुलुपाची पट्टी लावा, कारण पंजा अडकवून काच सरकवणं ते आठवड्यात शिकतं.

प्रश्न : सयामी म्हणून दाखवलेलं एक पिल्लू लांब केसांचं आहे, चेहरा काळसर, डोळे निळे. दुसरीकडे पांढरंशुभ्र निळ्या डोळ्यांचं पर्शियन आहे. दोन्ही खरी आहेत का?

उत्तर : पहिलं सयामी नाही. पर्शियनचा बांधा आणि सयामीचे रंग एकत्र आणून अमेरिकेत तयार केलेली ती हिमालयन. नावापुरती हिमालयन, हिमालयाशी तिचा संबंध नाही. सीएफए या अमेरिकी नोंदणी संस्थेने तिला १९५७ मध्ये मान्यता दिली आणि १९८४ पासून ती पर्शियनमध्येच धरली. दोन्हींतलं चांगलं एकात मिळेल या आशेने लोक ती घेतात, पण देखभाल पूर्णपणे पर्शियनची : विंचरणं, डोळे पुसणं, पीकेडीची तपासणी, सगळं.

सयामीचं पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरं असतं. त्याच्या अंगात रंग तयार करणारा घटक शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत काम करत नाही, फक्त थंड भागांत करतो. म्हणून कान, नाक, पंजे आणि शेपूट गडद होतात, अंग फिकं राहतं. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लात कानाच्या कडा आणि नाक गडद दिसायलाच हवेत. वय वाढेल तसं अंगही गडद होत जातं, थंड हवेत जास्त, उष्ण हवेत कमी. नसबंदीच्या वेळी पोटावरचे केस काढले की तिथे नवे केस गडद उगवतात, ते पाहून घाबरू नका. पुढच्या केसगळतीत बहुधा मूळ रंग येतो. डोळे निळेच हवेत, आयुष्यभर. हिरवे किंवा पिवळे असतील तर संकर आहे.

पांढऱ्या पर्शियनची ऐकण्याची चाचणी घ्या. पूर्ण पांढरी लव आणि निळे डोळे एकत्र असलेल्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण बरंच जास्त असतं. एकच डोळा निळा असेल तर त्या बाजूचा कान बहिरा असू शकतो. पिल्लाच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही आणि हवेचा झोत लागणार नाही अशा अंतरावरून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. कान फिरले पाहिजेत. सयामीच्या निळ्या डोळ्यांचा बहिरेपणाशी संबंध नाही, तिथे निळेपणाचं कारण वेगळं आहे.

‘सेमी पर्शियन’ म्हणून जे विकतात ते बहुधा देशी मांजराशी झालेला संकर असतो. मांजर म्हणून त्यात काही वाईट नाही, उलट नाक मोकळं असल्याने ते आपल्या हवेत जास्त टिकतं. मात्र शुद्ध जातीचे पैसे त्याला देऊ नका. शुद्ध म्हणणाऱ्याकडे सीएफए, टिका किंवा डब्ल्यूसीएफ यांपैकी कुठल्या तरी संस्थेचा नोंदणीचा कागद आणि आई-बापांची नावं असली पाहिजेत. पिल्लाची आई डोळ्यांनी बघायला मागा. आई दाखवत नसतील तर ते पिल्लू दुसरीकडून आणलेलं आहे असं धरून चाला. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नये. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं चावरी होतात, आणि सयामीत लोकर चघळण्याची खोडही लवकर तोडलेल्यांत जास्त दिसते.

प्रश्न : जुलैमध्ये पर्शियन पिल्लू आणलं. पंधरा दिवसांत त्याच्या कानावरचे केस गेले आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातावर गोल लाल चट्टे उठले. मेडिकलमधून मलम आणलं, आधी बरं वाटलं, आता जास्त पसरलंय. (फुलेवाडी)

उत्तर : हा नायटा आहे असं धरून आजपासून वागा. लांब केसांच्या मांजरांत, त्यातही पर्शियनमध्ये, ही बुरशी फार आढळते. कधी कधी मांजराच्या अंगावर काहीच दिसत नाही आणि घरातल्या माणसांना होतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात केस मुळापर्यंत वाळत नाहीत, कातडी ओलसर राहते, त्यामुळे तिचं फावतं.

आणलेलं मलम आधी बंद करा. दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते आणि बुरशी मात्र आत पसरते. मुलाला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ‘घरात मांजर आहे’ हे सांगून. तेच मलम मांजराला लावू नका, ते चाटून पोटात घेतं.

मांजराच्या डॉक्टरांकडे निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा दिवा असतो. त्याखाली बुरशी लागलेले केस हिरवट चमकतात, पण सगळ्याच वेळी नाही. चमकलं नाही म्हणजे नायटा नाही, असं होत नाही. खात्रीसाठी केसांचा नमुना वाढवून पाहतात, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. उपचार दोन्ही बाजूंनी चालतो : आठवड्यातून दोनदा औषधी शांपू (मायकोनाझोल आणि क्लोरहेक्झिडिन असलेला, १० मिनिटं अंगावर ठेवून धुवायचा) आणि पोटातून इट्राकोनाझोल, वजनानुसार डॉक्टर ठरवतील तेवढं. साधारण सहा ते दहा आठवडे धरा. केस आले म्हणून मध्येच सोडलं की परत येतं. शांपूनंतर केस पूर्ण वाळवायलाच हवेत. टॉवेलने टिपून, ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, फणीने केस उलगडत. गुंते अंघोळीच्या आधी सोडवा, पाणी लागलं की ते आवळतात. कात्रीने गुंता कापू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुंत्याबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते.

तोवर पिल्लाला फरशीच्या, गादी-गालिचा नसलेल्या एका खोलीत ठेवा. कोंडून एकटं टाकू नका, मोठ्यांनी जाऊन खेळवा आणि नंतर साबणाने हात धुवा. गळालेल्या केसांतली बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते, म्हणून खोली रोज ओल्या फडक्याने पुसायची. कोरड्या झाडूने केस घरभर उडतात.

आणि फिनेल वापरू नका. मांजराच्या यकृताला फिनॉल वर्गातली रसायनं पचवता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. साबणाच्या पाण्याने पुसून मग पातळ ब्लीच, आणि शेवटी साधं पाणी.

प्रश्न : गेल्या दिवाळीत आमचं मांजराचं पिल्लू उलट्या-जुलाबाने तीन दिवसांत गेलं. डॉक्टर पॅनल्यूको म्हणाले. आता सयामी आणायचंय. घर जुनं, परसदार आहे, गल्लीतली मांजरं येत-जात असतात. (मंगळवार पेठ)

उत्तर : वाईट वाटलं. या आजाराचा विषाणू चिवट असतो, घरातल्या कोपऱ्यांत वर्षभरही टिकू शकतो. जुनी टोपली, गादी, शी-शूच्या वाळूचा (लिटरचा) ट्रे, खेळणी टाकून द्या. फरशी आधी साबणाने धुवा, कारण घाण राहिली तर ब्लीचचा उपयोग होत नाही. मग एक भाग ब्लीच (५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं) आणि ३२ भाग पाणी, म्हणजे एका लिटरला साधारण ३० मिली, हे ताजं मिसळून फरशीवर १० मिनिटं ओलं राहू द्या आणि नंतर पाण्याने धुवा. मातीच्या परसदारात हे जमत नाही, म्हणून तिथे पिल्लाला जाऊ देऊ नका.

नवं पिल्लू लस पूर्ण झाल्याशिवाय घरात आणू नका. पॅनल्यूकोसह तीन आजारांवरची तिहेरी लस आठव्या आठवड्यापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्फळ करू शकते, म्हणून हा शेवटचा डोस महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक सोडतात. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. विक्रेत्याने ‘लस झालीय’ म्हटलं तर कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल, तारीख आणि डॉक्टरांची सही बघा.

परसदारात बोके येत असतील म्हणून आणखी एक सूचना. सयामी भाटी लवकर वयात येते, पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि तेव्हा तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. पाचव्या महिन्याच्या आत नसबंदी करून घ्या.

प्रश्न : गंगावेशीतलं म्हशीचं ताजं दूध आणि पांढऱ्या रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तर चालेल का?

उत्तर : दोन्ही नको. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही, जुलाब होतात. पर्शियनला जुलाब झाले की मागच्या पायांचे केस बरबटतात आणि नवं दुखणं सुरू होतं. रश्श्यातल्या कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजलेलं चिकन धुतल्याने तो अंश जात नाही. मसाला घालण्याआधी चार तुकडे वेगळे, बिनमिठाचे उकडून ठेवा. पण नुसत्या चिकनवरही ठेवू नका, त्यात कॅल्शियम अगदी कमी असल्याने वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला चांगलं कोरडं खाद्य दिवसाला ५० ते ६० ग्रॅम पुरतं. चिकन दिलं त्या दिवशी ते थोडं कमी करा. पर्शियनला उथळ ताटली द्या, खोल वाटीत त्याचं तोंड पोचत नाही.

प्रश्न : जोतिबाच्या यात्रेला तीन दिवस गावी जातो. मांजराला खाणं-पाणी भरून ठेवलं तर राहील का?

उत्तर : एक रात्र ठीक, तीन दिवस नाही, मग जात कुठलीही असो. शेजाऱ्यांना दिवसातून दोनदा यायला सांगा. त्यांना एवढंच बघायला सांगा की खाद्य खाल्लंय का आणि ट्रेमधल्या वाळूत लघवीने झालेले गोळे आहेत का. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून ओरडतोय आणि लघवी होत नाही, तर मार्ग तुंबलाय. त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर जीव जाऊ शकतो. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून वेगळाच आजार उभा राहतो, लठ्ठ मांजरात लवकर. सयामी एकटेपणाने खाणं सोडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्याच्याजवळ शेजाऱ्यांनी अर्धा तास बसावं. पर्शियनला तीन दिवस विंचरलं नाही तर चालेल, पण निघायच्या दिवशी नीट विंचरून निघा. आणि ताप-अंगदुखी वाटली म्हणून घरातली पॅरासिटामॉल कुणी देऊ नये, हे शेजाऱ्यांना बजावून सांगा. माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवून जा.